सोलापूर ते मुंबई विमानानं: अंतर किती, वेळ किती आणि घरापासून घरापर्यंत खरा वेळ किती?

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी परळला न्यावं लागतं. ही खेप आम्ही वर्षानुवर्षं सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं केली, नंतर वंदे भारतनं केली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईचं विमान सुरू झाल्यावर विमानानंही केली. पहिल्या वेळी तिकीट काढून देणारा म्हणाला, "तासाभरात मुंबई." त्याच हिशेबानं आम्ही डॉक्टरांची वेळ घेतली. विमान वेळेवर उतरलं, पण आम्ही परळला पोचेपर्यंत आमचा नंबर निघून गेला होता. आप्पा रुग्णालयाच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहिले. तेव्हापासून मी प्रत्येक टप्प्याचा वेळ लिहून ठेवू लागलो. आता जुळे सोलापुरातले शेजारी, नातेवाईक, आप्पांच्या ओळखीचे इतर रुग्ण तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत.

सोलापूर ते मुंबई हवाई अंतर नक्की किती?

विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेत सुमारे ३६२ किलोमीटर. वैमानिकांच्या मापात सांगायचं तर १९५ सागरी मैल, कारण एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

हा आकडा घरी पडताळता येतो, आणि दहावीतल्या मुलांकडून तो जरूर करून घ्यावा. सोलापूरचा विमानतळ साधारण १७.६३ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.९४ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा सहार-सांताक्रूझचा विमानतळ १९.०९ आणि ७२.८७ वर. अक्षांशातला फरक १.४६ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून उत्तरेकडे १६२ किलोमीटर. रेखांशातला फरक ३.०७ अंश. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, त्यामुळे आपल्या अक्षांशावर एक अंश रेखांश १११ नाही, साडेएकशेपाच किलोमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे पश्चिमेकडे ३२४ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोण मांडा, दोन्ही बाजूंचे वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ काढा: ३६२. पृथ्वी गोल आहे, पण एवढ्या छोट्या अंतरात त्या गोलाईनं आकड्यात फरक पडतो तो नगण्य.

मग वेगवेगळ्या ठिकाणी ३५५, ३६०, ३६५ असे निरनिराळे आकडे का दिसतात?

कुणी विमानतळापासून मोजतं, कुणी शहराच्या मध्यापासून. सोलापूरच्या मध्यवस्तीपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतची सरळ रेषा ३५५ किलोमीटरच्या आसपास भरते. दोन्ही आकडे बरोबरच असतात, मोजायला सुरुवात कुठून केली एवढाच फरक. प्रत्यक्षात विमान कधीच ओढलेल्या रेषेवरून तंतोतंत जात नाही. हवाई मार्गांचे ठरलेले बिंदू असतात आणि मुंबईजवळ आल्यावर नियंत्रण कक्ष सांगेल तसं वळावं लागतं. त्यामुळे कापलेलं अंतर या आकड्यापेक्षा थोडं जास्तच होतं.

रस्त्यानं आणि रेल्वेनं किती पडतं?

रस्त्यानं पुणेमार्गे ४०० किलोमीटरच्या आसपास, कुठून निघून कुठं जायचं त्यावर थोडं कमी-जास्त. रेल्वेनं ४५५ किलोमीटर.

नकाशावर सोलापूर विमानतळ आणि मुंबई विमानतळ पट्टीनं जोडून बघा. रेघ मोहोळजवळून, उजनी धरणाच्या अगदी लगत, दौंडच्या दक्षिणेकडून, पुण्यावरून आणि खंडाळ्याच्या डोंगरातून जाते. म्हणजे आपला पुणे रस्ता या सरळ रेषेला जवळजवळ धरूनच आहे, म्हणून रस्त्याचं आणि हवेतलं अंतर यांत फरक तसा थोडा आहे. रेल्वे मात्र कुर्डुवाडीला वर चढते, दौंडला वळसा घेते, कर्जतवरून कल्याणला जाते. तिथं जवळजवळ शंभर किलोमीटर वाढतात.

३६० किलोमीटरला जेट विमानाला अर्धा तास पुरायला हवा ना?

हिशेब बरोबर आहे, पण तो पूर्ण वेगात जाणाऱ्या विमानाचा आहे. मुंबई मार्गावर स्टार एअरचं एम्ब्रेअर ई १७५ जातीचं ७६ आसनांचं जेट सुरू झालं. उंचीवर हे विमान ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास जातं. पण त्या उंचीवर ते किती वेळ असतं?

उतरण्याचा ढोबळ नियम असा, की दर हजार फूट खाली यायला तीन सागरी मैल लागतात. विमान २४,००० फुटांवर असेल तर उतरायला सुमारे १३५ किलोमीटर आधी सुरुवात करावी लागते. म्हणजे पुणं ओलांडायच्या आधीच ते खाली यायला लागलेलं असतं. सोलापूरहून वर चढण्यातही शंभरावर किलोमीटर जातात. मधल्या जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्येच काय ती सरळ, पूर्ण वेगाची वाटचाल. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, १०,००० फुटांच्या खाली तर तो मुद्दाम मर्यादित ठेवतात. त्यामुळे चाकं जमिनीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत साधारण ४५ ते ५० मिनिटं धरा.

तिकिटावर तासाभराचा किंवा जास्तीचा वेळ असतो. तो कशाचा?

तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. विमान जागेवरून हलतं तिथपासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबतं तिथपर्यंतचा असतो. याला ब्लॉक टाइम म्हणतात. सोलापुरात धावपट्टीपर्यंत जायला फारसा वेळ लागत नाही, कारण गर्दीच नाही. मुंबईत मात्र दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवर दर तासाला चाळीसहून जास्त विमानं चढतात-उतरतात. म्हणून उतरण्याआधी आकाशात घिरट्या आणि उतरल्यावर जमिनीवरची रांग हे दोन्ही गृहीत धरूनच कंपन्या वेळ छापतात. मुंबईला जाताना आणि मुंबईहून येताना तिकिटावरचा वेळ वेगळा दिसतो, त्याचंही मोठं कारण हेच.

घरातून निघाल्यापासून मुंबईतल्या ठिकाणी पोचेपर्यंत खरा वेळ किती धरावा?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तो विचारतात सगळ्यात कमी. आमचाच हिशेब देतो. जुळे सोलापूर ते होटगी रोडचा विमानतळ, रिक्षानं आसरा चौकातून, सामान चढवणं-उतरवणं धरून २५ मिनिटं. विमानतळावर दीड तास आधी. ब्लॉक टाइम साधारण तास-सव्वातास. मुंबईत विमानातून बाहेर, बस, पट्ट्यावरून बॅग येईपर्यंत अर्धा तास. आप्पा सावकाश चालतात, म्हणून आम्हाला चाळीस मिनिटं लागतात. तिथून टॅक्सीनं परळ एक तास, संध्याकाळी त्याहून जास्त. एकूण साडेचार ते पाच तास.

आता वंदे भारत. घर ते स्टेशन २० मिनिटं, गाडीच्या आधी २० मिनिटं, दादरपर्यंत सहा तासांच्या वर, दादरहून परळ १५-२० मिनिटं. एकूण सात ते साडेसात तास.

म्हणजे खरी बचत अडीच ते तीन तासांची आहे. "एक तास विरुद्ध साडेसहा तास" अशी तुलना ऐकली की मला त्या दिवशीचा रुग्णालयातला बाक आठवतो. अडीच तास वाचतात हे काही कमी नाही. आजारी माणसाला तर ते फार मोठे आहेत. पण डॉक्टरांची वेळ, परीक्षेची वेळ, कोर्टाची तारीख ठरवताना पाच तासांचा हिशेब धरा, एका तासाचा नाही.

आणखी एक गोष्ट. विमान दुपारचं असेल आणि रुग्णालयातला बाह्यरुग्ण विभाग सकाळचा असेल, तर कितीही वेगानं गेलात तरी आदल्या दिवशी निघून मुक्काम करावाच लागतो. अशा वेळी रात्री साडेदहाच्या सुमारास सोलापुरातून निघून पहाटे-सकाळी मुंबईत सोडणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस आजही विमानापेक्षा सोयीची ठरते. त्या प्रवासातला वेळ झोपेत जातो आणि लॉजचं भाडं वाचतं.

सरळ सांगा, विमान बरं की वंदे भारत?

मुंबईत कुठं जायचं त्यावर ठरवा. अंधेरी, बोरिवली, वसई, वांद्रे-कुर्ला संकुल या बाजूला जायचं तर विमानाला तोड नाही. उतरलात की जवळजवळ पोचलातच. कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या मंडळींसाठी मी वंदे भारतच सांगेन. ती कल्याणला थांबते, आणि विमानतळावरून कल्याण गाठताना विमानानं वाचवलेला वेळ परत जातो. पनवेल, वाशीला जाणाऱ्यांना गाडीनं रस्त्यानं जाणंही तितकंच सोयीचं आहे.

मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. ती आपल्याकडून सकाळी सहाच्या सुमारास निघते आणि साडेसहा तासांच्या आसपास सीएसएमटीला पोचते. वाटेत फोन चालू असतो, काम करता येतं, उठून फिरता येतं. पाठीचा त्रास असलेल्या माणसाला फिरता येणं किती मोलाचं असतं ते आप्पांकडे बघून कळतं.

पेशंट सोबत असेल तर काय लक्षात ठेवायचं?

चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच मागा, निदान ४८ तास आधी. ती आयत्या वेळी मिळते असं समजून जाऊ नका. छोट्या विमानांना बहुधा शिडीच्या पायऱ्यांनीच चढावं लागतं, थेट दारापर्यंत नेणारा पूल प्रत्येक वेळी मिळत नाही. पेशंटला पायऱ्या चढवत नसतील तर तसं स्पष्ट सांगा, कारण "चालता येतं पण पायऱ्या चढता येत नाहीत" ही वेगळी नोंद असते आणि तिची सोय वेगळी करावी लागते.

नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल, ऑक्सिजन लागत असेल किंवा हृदयाचा झटका अलीकडचा असेल, तर विमान कंपनीचा वैद्यकीय अर्ज डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. विमानातली हवा दाबाखाली ठेवलेली असते, पण तो दाब जमिनीइतका नसतो. सहा-आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जितकी विरळ हवा असते तितपत ती असू शकते. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही, फुप्फुसं कमजोर असलेल्याला जाणवतं. म्हणून डॉक्टरांना आधी विचारा, तिकीट नंतर काढा. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, चिठ्ठीसकट. मोठ्या बॅगेत टाकलेली औषधं हवी त्या वेळी हाताशी नसतात.

आणि पैशांची ओढाताण असेल तर रेल्वेची सवलत विसरू नका. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्या एका माणसालाही सवलत मिळते. रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. हे प्रमाणपत्र मागायचं असतं हेच कित्येकांना माहीत नसतं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं दोन वर्षं पूर्ण भाडं भरलं.

विमान मुंबईत कुठं उतरतं?

तिकीट नीट वाचा, कारण आता मुंबईला दोन विमानतळ आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. जुन्या मुंबई विमानतळाचा संकेत बीओएम आहे, नवी मुंबईचा एनएमआय. जुन्या विमानतळावर पुन्हा दोन टर्मिनल, टर्मिनल १ सांताक्रूझ-विलेपार्ल्याकडे आणि टर्मिनल २ सहारला. दोन्हींमध्ये बाहेरच्या रस्त्यानं जावं लागतं. रिक्षावाल्याला नुसतं "एअरपोर्ट" म्हणू नका, टर्मिनलचा आकडा सांगा.

दोन्ही टर्मिनलना आता भुयारी मेट्रो ३ जोडलेली आहे. ती दादर, सिद्धिविनायक, वरळी, सीएसएमटी करत कफ परेडपर्यंत जाते. सामान कमी असेल आणि संध्याकाळची वेळ असेल तर टॅक्सीपेक्षा मेट्रोच लवकर नेते.

आणि सोलापूरचा विमानतळ? बोरामणीला ना?

नाही. विमानं होटगी रोडच्या जुन्या विमानतळावरूनच उडतात, रेल्वे स्टेशनपासून आठ-नऊ किलोमीटर. बोरामणीला नवा मोठा विमानतळ व्हायचा होता, जमीनही घेतली गेली, पण वनजमिनीचा आणि माळढोक अभयारण्याचा प्रश्न आडवा आला. परगावचे पाहुणे नकाशात "सोलापूर नवीन विमानतळ" बघून हैदराबाद रस्त्याला लागतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

तिकीट शोधताना संकेत एसएसई टाका. एसयूआर हा रेल्वे स्टेशनचा संकेत आहे. काही याद्यांमध्ये गावाचं नाव जुन्या पद्धतीनं शोलापूर असं असतं, ते आपलंच गाव.

इतकी वर्षं विमान का नव्हतं?

मध्ये काही काळ होतं. पंधराएक वर्षांपूर्वी किंगफिशरचं छोटं विमान मुंबईहून यायचं, ते बंद पडलं आणि त्यानंतर मोठा खंड पडला. पुढची सगळी चर्चा सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाच्या चिमणीभोवती फिरली. सुमारे ९० मीटर उंचीची ती चिमणी विमानाच्या वाटेत अडथळा ठरवली गेली. ती १५ जून २०२३ ला पाडली. त्या दिवशी शहरात आनंद होता आणि कारखान्याच्या सभासद शेतकऱ्यांच्या घरात चूल पेटली नसेल अशी अवस्था होती. माझे मामा त्या कारखान्याला ऊस घालत. मी विमानानं वडिलांना नेतो आणि मामांचा चेहराही मला आठवतो. दोन्ही खरं आहे, आणि या गावात दोन्ही बोललं गेलं पाहिजे.

नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झालं. पहिली नियमित सेवा गोव्याची, फ्लाय ९१ या विमान कंपनीची, ९ जून २०२५ ला सुरू झाली. मुंबईची १५ ऑक्टोबर २०२५ ला.

मुंबई मार्गासाठी राज्य मंत्रिमंडळानं २०२५ मध्ये तफावत निधी मंजूर केला, म्हणजे तिकिटातून जो खर्च निघत नाही तो भरून काढायला सरकार पैसे देतं. अशा मदतीला मुदत असते. म्हणून दिवस, वेळा आणि भाडं यांतलं काहीही पाठ करून ठेवू नका. प्रवासाच्या आठवड्यात कंपनीच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा.

सोलापूरहून गोवा, बंगळूर, हैदराबाद किती लांब?

गोव्याचं अंतर हवेतून सुमारे ३०५ किलोमीटर, मोपाच्या विमानतळापर्यंत. सरळ रेषा अथणी, चिकोडीवरून जाते आणि आंबोलीजवळ सह्याद्री उतरते, म्हणजे वाटेचा बराच भाग कर्नाटकावरून. फ्लाय ९१ चं एटीआर ७२ हे पंख्याचं विमान आहे, वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. तरीही गोव्याला आणि मुंबईला वेळ साधारण सारखाच लागतो, तास-सव्वातास. छोट्या अंतरात वेगाचा फायदा कसा विरून जातो ते इथं दिसतं. गाडीनं हाच प्रवास आठ-नऊ तासांचा आहे, त्यामुळे माझ्या मते विमानानं सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो गोव्याला जाताना, मुंबईला जाताना नाही. फक्त मोपा उत्तर टोकाला आहे. मडगाव, काणकोणला जायचं असेल तर उतरल्यावरचे दोन तास धरा. दाभोळी हा गोव्याचा दुसरा विमानतळ, त्याची गल्लत करू नका.

बंगळूर हवेतून सुमारे ५३० किलोमीटर, रस्त्यानं सहाशेच्या वर. रात्रभराच्या प्रवासाऐवजी सव्वा तास, म्हणून तिकडं नोकरीला असलेल्या पोरांच्या आई-वडिलांना या मार्गाचं मोल विचारा.

हैदराबादचा शमशाबाद विमानतळ सरळ रेषेत २७० किलोमीटर. रस्ता चांगला आहे, पाच-सहा तासांत गाडीनं जाता येतं. परदेशी जाणारे बरेच सोलापूरकर आजवर तिथूनच गेले.

पुण्याला विमानानं जावं का?

हवेतलं अंतर २४० किलोमीटरच्या आत. रस्ता अडीचशे. हुतात्मा एक्स्प्रेस चार तासांच्या आसपास नेते, वंदे भारत त्याहून लवकर. दोन्हीकडच्या विमानतळांचा वेळ मिळवला तर काहीच वाचत नाही. रेल्वेनं जा.

दोन्ही शहरांच्या घड्याळात फरक आहे का?

नाही, एकच वेळ. सूर्य मात्र आपल्याकडे साधारण १२ मिनिटं आधी येतो, कारण आपण तीन अंश पूर्वेला आहोत आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात.

उन्हाळ्यात-पावसाळ्यात वेळ बदलतो का?

उन्हाळ्यात आपला पारा चाळिशीच्या पार जातो, तेव्हा हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. धावपट्टी तेवढीच, म्हणून कधीकधी विमानाचं वजन कमी ठेवावं लागतं. अशा वेळी एखादी बॅग मागे राहिली तर कर्मचाऱ्यांवर ओरडू नका, त्यामागं सुरक्षेचं गणित असतं. दुपारी तापलेल्या माळावरून हवा वर उसळते, त्यामुळे उडताना आणि उतरताना धक्के बसतात. घाबरण्यासारखं काही नाही, पण पट्टा बांधून ठेवा आणि आप्पांसारख्या माणसाला आधी सांगून ठेवा.

पावसाळ्यात अडचण बहुधा मुंबईच्या टोकाला असते. तिथं जोराचा पाऊस आला की विमानं आकाशात थांबवतात, कधी दुसरीकडे वळवतात, आणि त्यामुळे सोलापुरात लख्ख ऊन असूनही उशीर होतो. जुलैत रुग्णालयाची तारीख असेल तर मी आदल्या दिवशीच निघतो.

विमान रद्द झालं किंवा उशिरा आलं तर?

ब्लॉक टाइम हा शब्द इथं पुन्हा कामाला येतो. रद्द झाल्याचं नियमाप्रमाणे आधी कळवलं नाही, तर पैसे परत किंवा पर्यायी विमान याशिवाय भरपाईही असते. ब्लॉक टाइम एका तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तास असेल तर ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांत जे कमी असेल ते. म्हणजे तिकिटावर ५५ मिनिटं छापली आहेत की ६५, यानं रक्कम बदलू शकते. हवामानामुळे रद्द झालं तर ही भरपाई लागू नसते. आपल्यासारख्या छोट्या मार्गावर दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणं-पिणं द्यावं लागतं, आणि सहा तासांहून जास्त होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. तोंडी आश्वासन घेऊ नका, संदेश किंवा मेल जपून ठेवा.

मुंबईहून पुढं दुबईला किंवा दिल्लीला जायचं असेल तर मध्ये किती वेळ ठेवावा?

दोन्ही प्रवास एकाच बुकिंग क्रमांकावर असतील तर पहिलं विमान चुकल्यावर पुढची सोय कंपनी बघते. वेगवेगळी तिकिटं असतील तर बघत नाही, पुढचं तिकीट बुडतं. वेगळ्या तिकिटांवर देशांतर्गत प्रवासाला निदान चार तास आणि परदेशी प्रवासाला सहा-सात तास ठेवा, टर्मिनल बदलायचं असेल तर जास्तच. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर तो बेत मुळातच टाळा.

शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, प्रसाद नेता येतो का?

कोरडी चटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या. तेलातलं लोणचं हातातल्या पिशवीत चालत नाही, मोठ्या बॅगेत घट्ट बांधून टाका. अक्कलकोट, तुळजापूरहून येणाऱ्यांची अडचण होते ती सुक्या खोबऱ्याची. त्यात तेल भरपूर, ते पेट घेऊ शकतं, म्हणून मोठ्या बॅगेतून सुकं खोबरं काढून ठेवायला लावतात. देवीचा प्रसाद असा काढून ठेवताना बायाबापड्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत. प्रसादातलं खोबरं घरीच वाटून टाका. पॉवर बँक मोठ्या बॅगेत नको, हातातच ठेवा. चादरी कितीही न्या, वजनात बसल्या म्हणजे झालं. मोठ्या बॅगेला साधारण १५ किलो आणि हातातल्या पिशवीला ७ किलो, पण तिकिटावर बघून घ्या.

काउंटर कधी बंद होतो?

विमानाच्या ४५ ते ६० मिनिटं आधी. विमानतळ छोटा असला तरी नियम तोच. आधार कार्ड किंवा दुसरं फोटोचं ओळखपत्र हातात ठेवा आणि तिकिटावरचं नाव त्याच्याशी जुळतंय ना ते घरीच तपासा.

खिडकीची जागा कुठल्या बाजूची घ्यावी?

मुंबईला जाताना उजवीकडची. आपली सरळ रेषा उजनीच्या भिंतीजवळून जाते आणि पाण्याचा मोठा पसारा तिच्या उत्तरेला राहतो. उडाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, ढग नसतील तर, खाली पाणी दिसतं, भिगवणकडे निमुळतं होत गेलेलं. आप्पांचं आजोळ करमाळा तालुक्यातलं, धरण झालं तेव्हा पाण्यात गेलेलं. पहिल्या खेपेला ते पाणी दिसल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि काचेवर बोट ठेवून मला विचारलं, "केत्तूर कुठल्या बाजूला येतं रे?" मला सांगता आलं नाही. आता प्रत्येक खेपेला मी त्यांच्यासाठी उजवीकडचीच जागा घेतो आणि नकाशा छापून सोबत ठेवतो.